कागद कुठे आहे?

दिवाळी आणि ईद हे दोन सण जवळ आले की खानदेशातल्या छोट्या कारखान्यांत एकच विषय निघतो, बोनसचा. जळगावची डाळमिल असो, प्लास्टिक चटईचा कारखाना असो की धुळ्यातले आठ-दहा मागांचे शेड असो, मालक म्हणतो यंदा धंदा मंदा आहे, आणि कामगार म्हणतो माग तर एक दिवस बंद नव्हता. पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. मग सण होऊन जातो, कुणी रुसून काम सोडते, आणि दोन-तीन महिन्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर एक लिफाफा येतो. या महिन्यात त्या लिफाफ्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे.

आम्ही वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. उर्दू शाळेत शिकवतो, मराठी वाचता-लिहिता येते, एवढ्या भांडवलावर लोक असे लिफाफे घेऊन आमच्याकडे येतात. कामगार कार्यालयाचे पत्र शासकीय मराठीत असते, आणि उर्दू माध्यमात शिकलेल्या बुजुर्गांना ते कळत नाही. गंमत म्हणजे त्यातले निम्मे शब्द आपलेच असतात. वकालतनामा, तारीख, हजर, तक्रार. पण ‘कैफियत सादर करावी’ हे वाचून एका बुजुर्गांनी आम्हाला विचारले होते, “सर, कोर्टाला माझी कैफियत कशाला पाहिजे? तब्येत तर ठीक आहे.” उर्दूत कैफियत म्हणजे हालहवाल, आणि मराठी कोर्टात कैफियत म्हणजे तक्रारीला द्यायचे लेखी उत्तर. या एका शब्दावर पुढचा सगळा खटला उभा राहतो, म्हणून त्याकडे नंतर पुन्हा येऊ.

आपल्याकडे ‘मालक’ हा शब्द सहसा कुणी स्वतःला लावून घेत नाही. बेकरीत सात पोरे, गॅरेजमध्ये चार, फर्निचरच्या कामाला नऊ, हॉटेलात बारा. त्यांतला एक भाचा, एक गावाकडचा, एक शेजारचा. सगळे ‘आपलेच’. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त तर स्वतःला खिदमतगार समजतात. कायदा मात्र नाते विचारत नाही. तो विचारतो, काम कोण सांगतो आणि पगार कोण देतो. जो देतो तो मालक.

आता एक हकीकत. धुळ्यातले एक माग कारखानदार, आमच्या जुन्या विद्यार्थ्याचे अब्बा. त्यांच्याकडे बारा जण कामाला. त्यांतल्या एकाशी उचलीवरून वाजले. तो म्हणाला एवढी उचल घेतलीच नाही, हे म्हणाले घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. यांनीही निरोप धाडला नाही, त्याच्या जागी दुसरा ठेवला. काही दिवसांनी कामगार कार्यालयातून बोलावणे आले. अब्बांचे म्हणणे, “मी त्याला काढलेच नाही, तो स्वतः गेला. मग मी तिथे कशाला जाऊ?” ते गेले नाहीत. पुढे कामगार न्यायालयाचे समन्स आले. ते त्यांनी आपल्या जागेचा दावा चालवणाऱ्या वकिलाच्या हाती दिले आणि विषय डोक्यातून काढून टाकला. वकीलसाहेब एका तारखेला गेले, नंतरच्या तारखांना नाही. निकाल एकतर्फी लागला: कामगाराला परत घ्या आणि मधल्या काळाचा पगार द्या. हे घरात कळले ते तहसील कार्यालयाकडून वसुलीची नोटीस आली तेव्हा. कारण अशी रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यात जायची वेळ आली. अब्बांनी कुणाची मजुरी बुडवली नव्हती. पण बुडवली नाही हे सांगायला ते कुठेच हजर नव्हते.

‘तो स्वतः गेला’ हे वाक्य आम्ही इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. कामगार न आल्यामुळे त्याचे नाव हजेरीपटावरून आपोआप गळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या निकालात स्पष्ट सांगितले की गैरहजेरीवरून नाव कमी करायचे असले तरी आधी त्या माणसाला म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे, चौकशी झाली पाहिजे. त्या कंपनीच्या स्थायी आदेशांत तर आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास नोकरी गेली असे लिहिलेलेच होते. तेही चालले नाही. मग जिथे काहीच लिहिलेले नाही, त्या आपल्या शेडचे काय?

अशा वेळी करायचे ते फार सोपे आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या घरच्या पत्त्यावर पत्र पाठवा: अमुक तारखेपासून तुम्ही कामावर नाही, कामावर या, अडचण असेल तर कळवा. उत्तर आले नाही तर पुन्हा एक. टपालाच्या पावत्या आणि पोच जपून ठेवा. कामगार कार्यालयाने बोलावले तर जा आणि तिथेच लेखी द्या की आम्ही काढलेले नाही, उद्यापासून कामावर यावे. तो आला तर प्रश्न मिटला. नाही आला तर मागच्या पगाराच्या मागणीला उत्तर देताना हाच कागद तुमच्या उपयोगी पडतो. धुळ्याच्या हकीकतीत दोन पत्रे गेली असती तर गोष्ट बहुधा वसुलीपर्यंत पोहोचलीच नसती.

कागदाची ही मागणी काही आजची नाही. आपल्या जळगावच्याच एका खटल्यात ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदवून ठेवली आहे. स्टेशनजवळची खानदेश मिल आमच्या वडिलांच्या पिढीला माहीत आहे. तिचा भोंगा ऐकून शहर घड्याळ लावत असे, असे सांगणारे अजून भेटतात. आता त्या जागेवर खानदेश सेंट्रल उभे आहे. या मिलचा आणि राष्ट्रीय गिरणी कामगार संघाचा बोनसचा वाद थेट दिल्लीला गेला आणि १९६० साली त्याचा निकाल लागला. तेव्हा बोनसचा स्वतंत्र कायदा नव्हता. नफ्यातून काही रकमा आधी वजा करायच्या आणि उरलेल्यातून बोनस ठरवायचा, अशी पद्धत होती. राखीव निधी खेळते भांडवल म्हणून धंद्यात वापरला असेल तर त्यावरचा परतावा वजा होई. जुनी यंत्रे बदलण्याचा खर्चही वजा होई. साहजिकच, वजा रक्कम जितकी मोठी तितका बोनस लहान.

मिल म्हणत होती की राखीव निधी खेळत्या भांडवलासाठी वापरला. पुरावा काय? तर ताळेबंद. न्यायालयाने जे सांगितले त्याचा मतलब असा की ताळेबंदात एखादी रक्कम लिहिलेली आहे एवढ्यावरून ती खरोखर तशीच वापरली गेली हे सिद्ध होत नाही. जाणकार माणसाने ते शपथपत्रावर किंवा साक्षीत सांगावे, आणि दुसऱ्या बाजूला त्याची उलटतपासणी घ्यायची संधी मिळावी. हा ताळेबंद एवढ्या मोठ्या मिलचा होता, तिच्याकडे हिशेबनीस होते, वकील होते. तरी प्रश्न तोच आला की पुरावा कुठे आहे.

पुढे १९६५ च्या बोनस कायद्याने कंपन्यांच्या लेखापरीक्षित ताळेबंदाला सामान्यतः खरे धरून चालण्याची सोय दिली. मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याला ही सोय मिळायची ती त्याचे हिशेब पात्र लेखापरीक्षकाने तपासलेले असतील तरच. म्हणजे लाल कापडाच्या चोपडीत अब्बांच्या हाताने लिहिलेला हिशेब कितीही प्रामाणिक असला तरी तो आपोआप पुरावा होत नाही. (ज्यांच्याकडे वीस किंवा त्याहून जास्त माणसे आहेत त्यांना आजही तोटा झाला तरी किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो, कमाल २० टक्के. ‘यंदा धंदा मंदा’ हे उत्तर ८.३३ च्या वरच्या भागाला लागू होते, खालच्या नाही.)

आणि आता तर ओझे उघडपणे मालकाच्या डोक्यावर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतल्या वेतन संहितेत एक छोटे कलम आहे, क्रमांक ५९. मजुरी किंवा बोनस मिळाला नाही किंवा कमी मिळाला अशी तक्रार झाली, तर तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते. म्हणजे आज रोख हातावर ठेवलेल्या पगाराचा जाब पुढच्या निवडणुकीच्या सुमारास विचारला जाऊ शकतो. त्या वेळी “साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे” हे उत्तर कामाचे नाही. मोहल्ला साक्षीला येत नाही.

कामगारावर काहीच ओझे नाही असेही नाही. आपण वर्षात २४० दिवस काम केले हे त्याला दाखवावे लागते, तसे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पण त्याने साक्षीत तसे सांगून तुमचे हजेरी पुस्तक मागितले आणि तुम्ही ते हजर केले नाही, तर न्यायालय तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. पुस्तकच नसेल तर हजर काय करणार?

तेव्हा छोट्या मालकाने किमान एवढे तरी ठेवावे. दहा किंवा जास्त माणसे असतील तर प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचे आहे, आणि कमी असली तरी द्यावे; एका पानात काम, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि दोघांच्या सह्या मावतात. पगार शक्यतो बँकेत जमा करावा. रोख दिला तर पगारपत्रकावर सही घ्यावी, त्याची चिठ्ठी कामगारालाही द्यावी. कामगाराला मराठी येत नसेल तर बाजूला उर्दूत किंवा हिंदीत लिहावे. असे दोन भाषांतले साधे नमुने आम्ही काही जणांना करून दिले आहेत आणि त्यात एक तासही लागत नाही. काम सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा पगार आता दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. ‘पुढच्या जुम्याला ये’ हा आपला रिवाज त्यात बसत नाही.

उचलीचे मात्र वेगळे सांगितले पाहिजे. माग धंद्यात तिला ‘बाकी’ म्हणतात आणि ती पिढीजात दुखणे आहे. उचल दिली तर त्या दिवशीच तारीख घालून सही घ्यावी, पगारातून कापली तर प्रत्येक कपातीची नोंद व्हावी, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त जाऊ नयेत. ठरावीक मुदतीची उधारी लिहून ठेवावी आणि साक्षीदार घ्यावेत हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपल्या घरांत मेहर लिहिली जाते, मजुराची उचल मात्र तोंडीच राहते. आणि एक इशारा. ‘बाकी फिटल्याशिवाय दुसरीकडे जायचे नाही’ असे म्हणून कामगाराला अडवून ठेवले तर तो पगाराचा वाद उरत नाही. १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी ठरू शकते आणि तो गुन्हा आहे. पैसे वसूल करायला दिवाणी मार्ग आहे, माणूस अडवायला नाही.

आता लिफाफा हातात आला आहे असे समजू. सर्वांत आधी पाठवणारा कोण ते पाहावे. सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्तांचे पत्र असेल तर ती बहुधा समेटाची बैठक असते. कामगार न्यायालयाचे समन्स असेल तर खटला सुरू झाला आहे. भविष्य निर्वाह निधीचे पत्र असेल तर ते बहुतेक नाशिकच्या कार्यालयाचे, कारण आपले जिल्हे त्या कार्यालयाखाली येतात, आणि तिथे प्रश्न वेगळा असतो: वीस माणसे कधी झाली? इथे बरेच भाऊ फसतात. एकाच शेडमध्ये, एकाच वीजमीटरवर, कागदावर मात्र दोन भावांचे दोन कारखाने, प्रत्येकी अकरा माणसे. अधिकारी जागा, यंत्रे, माल आणि पैशाची ये-जा पाहतो आणि दोन्ही एकत्र मोजतो.

समेटाच्या बैठकीला वकील पाठवता येत नाही. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच हे होते आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेने ते कायम ठेवले. खटल्यातसुद्धा, या कायद्याखालच्या वादात, समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तरच वकील उभा राहू शकतो. कारण उघड आहे. मालक मोठा वकील उभा करील आणि मजूर एकटा पडेल, ही भीती कायदा करणाऱ्यांना होती. मालकाच्या वतीने तो ज्या मालक संघटनेचा सभासद आहे तिचा पदाधिकारी बोलू शकतो. तो पदाधिकारी वकील असला तरी पदाधिकारी म्हणून येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पारादीप बंदराच्या खटल्यात सांगितले. म्हणून आपल्या व्यापारी किंवा कारखानदार संघटनेची वर्गणी ही नुसती इफ्तारच्या कार्यक्रमाची वर्गणी नसते. तिच्यात कामगार कायदा जाणणारा एखादा पदाधिकारी असावा, असा आग्रह सभासदांनी धरायला हरकत नाही.

राज्याचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा निराळा. महाराष्ट्रात कामावरून काढल्याच्या कितीतरी तक्रारी आजवर त्याच्याखाली झाल्या आहेत, तक्रारीची मुदत ९० दिवसांची असते आणि तिथे वकील सर्रास उभे राहतात. त्यामुळे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की आपले प्रकरण कोणत्या कायद्याखाली आहे, जुन्या की नव्या, आणि त्यात तुम्ही स्वतः उभे राहू शकता का. हा प्रश्न ऐकून जो रागावतो त्याच्याकडे कागद ठेवू नयेत, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे सवय अशी की घरचा एक वकील असतो, जागेचा, पोलिसांचा, तलाकचा, सगळ्याचा. किंवा सीए. विवरणपत्र भरणारा सीए चांगला माणूस असतो, पण उलटतपासणी हे त्याचे काम नाही. लेबर कन्सल्टंट रजिस्टरे आणि परतावे नीट ठेवतो, त्यासाठी तो हवाच. तक्रार न्यायालयात गेली की मात्र रोज त्या न्यायालयात काम करणारा वकील लागतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे कामगार न्यायालये आहेत. तिथे एक दिवस मागच्या बाकावर बसून राहिलात तरी कोण तयारीने येतो आणि कोण तारीख मागतो ते कळते. तिथल्या निकालावर उच्च न्यायालयात जायचे तर आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठ. तो खर्च आणि प्रवास डोळ्यांपुढे ठेवला तर खालच्या न्यायालयातच नीट लढणे किती स्वस्त पडते ते समजेल.

अनुभवी वकील का, याचे एकच उदाहरण पुरे. समजा कामगाराने चोरी केली, तुम्ही पाहिली, रागात त्याच दिवशी काढून टाकले, चौकशी केली नाही. हरलात का? अजून नाही. मालकाला न्यायालयासमोर नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो. पण ती परवानगी वेळेवर मागावी लागते. १९८३ आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हे पक्के केले आहे की ही मागणी मालकाने सुरुवातीलाच, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, करायला हवी. हीच ती कैफियत. जागेच्या दाव्यांत मुरलेला वकील तीत ‘तक्रारीतील मजकूर नाकबूल’ एवढे लिहून मोकळा होतो आणि दोन वर्षांनी ही मागणी करायला जातो, तेव्हा दार बंद झालेले असू शकते. कैफियत दाखल होण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ती पूर्ण वाचावी. प्रत घरी ठेवावी. पुढच्या तारखा मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहता येतात का ते वकिलाकडून खटल्याचा क्रमांक घेऊन तपासावे. एकतर्फी आदेश झालाच तर तो रद्द करून घेण्यासाठी लगेच अर्ज करावा लागतो. जितका उशीर, तितके कारण सांगणे अवघड.

ज्यांना वकिलाची फी झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो हे पुष्कळांना माहीत असते. स्त्रीलाही मिळतो, आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी जणींना माहीत आहे. नवरा गेल्यावर चार शिलाई मशीनवर मुली बसवून धंदा चालवणारी बेवा कायद्याने मालक असली तरी ती स्त्री आहेच. तिला समन्स आले तर तिने घाबरून एखाद्या दीराच्या हाती सगळे सोपवण्याआधी त्या कार्यालयात एक अर्ज द्यावा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून तिथे सही करण्याआधी आकडा दोनदा मोजावा.

आकडा मोजायचा म्हणजे मुख्यतः ग्रॅच्युइटी. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग काम झाले की तिचा हक्क लागतो. एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसे कमी झाली तरी सुटका नाही. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला नव्या संहितेत एक वर्षानंतरच प्रमाणात हक्क आहे. हिशेब असा: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. जळगावच्या दुकानातला मुनीम, पगार १३,०००, नोकरी १४ वर्षे. रोज पडला ५००, एका वर्षाचे ७,५००, चौदा वर्षांचे १,०५,०००. काम सोडल्यापासून ३० दिवसांत द्यायचे. धंदा मंदावला म्हणून तुम्हीच माणूस कमी केला तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार ही भरपाई याहून निराळी असते.

हा हिशेब आमच्या बिरादरीलाही, म्हणजे शिक्षकांनाही, सहज मिळालेला नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे ग्रॅच्युइटी कायद्यातले ‘कर्मचारी’ नाहीत असे म्हटले. मग संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २०२२ मध्ये हरल्या. शाळा चालवणाऱ्या आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनी ही रक्कम दर वर्षी बाजूला काढली नसेल तर आता काढायला घ्यावी. मास्तर निवृत्त होतो त्या महिन्यात वर्गणी गोळा करून ती जमत नाही.

शेवटी तडजोडीचा कागद. आपल्याकडे तो असा होतो: मशिदीतून निघताना दोन बुजुर्ग मध्ये पडतात, चहा होतो, काही हजार रुपये हातात ठेवले जातात आणि स्टॅम्पवर ‘माझे सर्व पैसे मिळाले, आता काही देणे नाही’ असे लिहून अंगठा घेतला जातो. बुजुर्गांनी मध्ये पडणे चांगलेच आहे. पण कायद्याने देय असलेली ग्रॅच्युइटी किंवा किमान वेतन अशा चिठ्ठीने बुडत नाही. कामगार महिन्याभराने तक्रार करू शकतो आणि मग ते काही हजार कशाचे होते हे सांगत बसावे लागते. तेच बोलणे कामगार अधिकाऱ्यासमोर करावे. कागदावर पगार किती, ग्रॅच्युइटी किती, रजेचे किती, उचल किती कापली, हे वेगवेगळे लिहावे. कामगाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवले अशी ओळ खाली घालावी आणि वाचून दाखवणाऱ्याने सही करावी. रक्कम चेकने किंवा खात्यात द्यावी. धुळ्याच्या त्या प्रकरणातही शेवटी असेच झाले. एकतर्फी आदेश रद्द करण्याच्या अर्जासोबत तडजोडीचे बोलणे सुरू झाले आणि आकडा निम्म्याच्या आसपास आला. उर्दूतून वाचून दाखवायचे काम आमच्याकडे होते. कामगाराने सगळे ऐकून एकच रक्कम दुरुस्त करायला सांगितली, उचलीची. या वेळी ती त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिली गेली, कारण कारखान्याकडे दुसरा आकडा दाखवणारा कागद नव्हता.